वेताची खुर्ची, जशीच्या तशी

खुर्ची टेम्पोतून उतरली तेव्हाच दप्तरदार घाबरले. खुर्ची वाईट होती असं नाही. उलट ती फारच चांगली होती, आणि भीती नेमकी त्याचीच होती. रुंद पाठ, हातांना सुबक वळण, बैठकीला षटकोनी जाळीची वीण आणि तीस वर्षांच्या वापराने चढलेला मधासारखा रंग. टेम्पोवाल्याने खुर्चीबरोबर एक लिफाफाही हातात ठेवला. त्यावर थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्कांचं, अक्षर होतं. ते अक्षर दिसलं की दप्तरदार आजही, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, शर्टाची बटणं नीट लागली आहेत का ते चाचपून बघत.

दप्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून इमारतीत सगळे त्यांना दप्तरदार म्हणत. आक्का निवृत्त मुख्याध्यापिका. पण निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या सहा महिने परगावी निघाल्या होत्या आणि घर बंद राहणार होतं. बंद घरात वेताला बुरशी येते. म्हणून दाजींची, म्हणजे आक्कांच्या दिवंगत यजमानांची, ही खुर्ची धाकट्या भावाकडे ठेवायला दिली होती.

लिफाफ्यात अकरा नियम होते. हा खरा वेत आहे, आत भरीव असतो, बाजारातला प्लॅस्टिकचा नव्हे, हे ध्यानात ठेवावं. खुर्चीला ऊन नको, पण उजेड हवा. ओल नको, पण कोरडी हवाही नको. वारा हवा, पण पंख्याखाली नको. धूळ मऊ ब्रशने झाडावी, डाग पडला तर पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावा, खुर्ची कधीही फरपटत नेऊ नये. अकरावा नियम एका ओळीचा होता आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती. ‘सहा महिन्यांनी जशीच्या तशी परत पाहिजे.’

‘‘हिला घर नकोय, दवाखाना हवाय,’’ बायको म्हणाली.

‘‘हळू बोल,’’ दप्तरदार म्हणाले. वास्तविक आक्का तेव्हा आगगाडीत बसून पन्नास मैल पुढे गेल्या होत्या.

बैठकीच्या खोलीत खिडकीपासून चार हात आणि भिंतीपासून एक हात अशी जागा मोजून खुर्ची ठेवण्यात आली. त्यामुळे टीव्ही गेला कोपऱ्यात, आणि स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून, आडवं होऊन जावं लागे. खुर्चीवर कोणी बसायचं नाही, तिच्या हातावर कपडे टाकायचे नाहीत, तिच्या आसपास चहाचा कप आणायचा नाही. दप्तरदारांनी एक नोंदवहीही घातली. रोज सकाळी ते गुडघ्यांवर बसून खुर्चीची पाहणी करत आणि लिहीत, ‘स्थिती पूर्ववत.’ माणूस असा चष्मा लावून आपल्या बायकोकडे कधी बघत नाही, असं बायको एकदा म्हणाली. दप्तरदारांनी त्याची नोंद केली नाही.

नवव्या दिवशी खुर्चीखाली पिवळट भुकटी दिसली. चिमूटभरच होती. पण दप्तरदारांनी ती चष्मा लावून पाहिली. एकतीस वर्षं फायलींत काढलेल्या माणसाला भुकटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कीड! वेतात कीड शिरली होती, आणि तीही त्यांच्या ताब्यात असताना. त्यांनी ती भुकटी पुरावा म्हणून कागदाच्या पुडीत बांधून नोंदवहीत चिकटवली आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांना बोलावलं.

इंजिनिअरांनी आयुष्यभर पूल बांधले होते. त्यातले बहुतेक अजून उभे होते, आणि हे ते स्वतःच सांगत. त्यांनी पेन्सिलीने खुर्चीचा एकेक पाय ठोकून पाहिला, कान लावला, डोळे मिटले.

‘‘भुंगा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आतून पोखरतो. वरून काही दिसत नाही. आज खुर्ची, उद्या तुमचे दरवाजे, परवा माझ्या पलंगाचे पाय.’’

‘‘तुमच्या पलंगाचे कसे?’’

‘‘चढतात.’’

ही बातमी संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पोचली. सेक्रेटरी सभ्य माणूस, पण त्यांच्याकडे एक फाईल होती, आणि ज्याच्याकडे एकच फाईल असते तो फार धोकादायक असतो. कीडनाशकवाल्याला इमारतीत आणायचं तर अर्ज हवा, शेजारच्या सहा घरांची सही हवी आणि बाधित वस्तूच्या मालकाचं संमतीपत्र हवं.

‘‘खुर्ची कोणाच्या नावावर आहे?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘‘खुर्ची कोणाच्या नावावर असते का हो?’’

‘‘मालक कोण?’’

‘‘बहीण.’’

‘‘मग त्यांचं पत्र आणा. दोन प्रती.’’

आक्कांना पत्र मागायचं म्हणजे खुर्चीला कीड लागल्याचं सांगायचं. ते सांगण्यापेक्षा इमारत पडलेली परवडली. कचेरीत दप्तरदारांनी स्वतः अशा एका कागदासाठी किती जणांना परत पाठवलं होतं, ते सगळे चेहरे त्यांना एकामागून एक आठवू लागले. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईची त्यांनी मनातल्या मनात माफीही मागितली.

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलंच नसतं. रेकॉर्ड रूममध्ये फायलींना कसर लागली की एकच इलाज चाले. डांबराच्या गोळ्या टाकायच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, चिकटपट्टीने हवाबंद करायचं, वर क्रमांक घालायचा आणि विसरून जायचं. या पद्धतीने त्यांनी सरकारचे चाळीस वर्षांचे कागद वाचवले होते. एका रविवारी खुर्ची नखशिखांत प्लॅस्टिकमध्ये गेली. आत दोन डबे गोळ्या. वर चिठ्ठी, ‘आवक एक. एक महिना उघडू नये.’

‘‘आक्कांच्या कागदात हवा लागते असं लिहिलंय ना?’’ बायकोने विचारलं.

‘‘हवा आली तर भुंगाही येईल,’’ दप्तरदार म्हणाले. भीती वाटली की ते नेहमी फार ठामपणे बोलत.

आक्कांचा फोन तिसऱ्या आठवड्यात आला. साधा नव्हे, चेहरा दिसणारा. लेकीची चौकशी दोन वाक्यांत आटोपल्यावर आक्का म्हणाल्या, ‘‘खुर्ची दाखव.’’

सुदैवाने पहिल्या दिवशी काढलेला खुर्चीचा मोठा फोटो नोंदवहीला लावलेला होता. दप्तरदारांनी बायकोला खूण केली, बायकोने कपाळाला हात लावला आणि मग तो फोटो फोनसमोर धरला.

आक्का बराच वेळ बघत राहिल्या. ‘‘ठीक दिसतेय,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती असं दप्तरदारांना वाटलं, पण ते त्यांनी भीतीच्या खात्यात टाकलं. ‘‘मागच्या कॅलेंडरवर अजून गेलाच महिना का आहे?’’

‘‘उलटायचं राहिलं, आक्का.’’

‘‘आणि तिच्याजवळ माशी का बसलीय? हलत नाही ती.’’

‘‘थंडीने,’’ दप्तरदार म्हणाले आणि फोन ठेवून दहा मिनिटं पडून राहिले.

महिना भरला. चिठ्ठी काढली, पट्ट्या कापल्या, प्लॅस्टिक उघडलं, आणि खोलीत असा वास सुटला की शेजारच्यांनी दार लावून घेतलं. मधाच्या रंगाची खुर्ची आता पांढऱ्या-हिरव्या लवेने भरली होती. पाठीवर बुरशी, हातांवर बुरशी, विणीच्या प्रत्येक भोकाला बुरशीची कड. दप्तरदारांना आक्कांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, ‘बाळ्या, हात पुढे कर.’ आणि खरंच त्यांचा उजवा हात थोडा पुढे आला.

‘‘ऊन दाखवा,’’ इंजिनिअर म्हणाले. ‘‘दोन दिवस कडक ऊन. बुरशी काय, भुंगासुद्धा मरेल.’’

दुसऱ्याच नियमात ऊन नको लिहिलं होतं. पण माणूस बुडायला लागला की नियम वाचत नाही. खुर्ची गच्चीवर गेली. दोन दिवस दप्तरदार रजा टाकून तिच्या शेजारी छत्री घेऊन बसले, छत्री स्वतःवर धरून. बुरशी खरोखर वाळली. झटकली तशी निघालीही. तिसऱ्या दिवशी खुर्ची खाली आणली तेव्हा ती जवळजवळ पहिल्यासारखी दिसत होती आणि दप्तरदारांना महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली. फक्त हात लावला की ती बारीक कडकड आवाज करत होती, सुकलेल्या पानासारखा.

‘‘आता भार चाचणी,’’ इंजिनिअर म्हणाले.

‘‘नको हो.’’

‘‘पुलाचीसुद्धा करतात.’’ आणि दप्तरदार मध्ये येण्याआधी ते बसले.

आधी एक पट्टी तुटली. मग तिच्या शेजारची. मग एक लांब टर्र असा आवाज झाला आणि इंजिनिअर बैठकीतून खाली गेले. पूर्ण नाही गेले. मधोमध अडकले, गुडघे हनुवटीशी, हात दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर. त्यांच्या चेहऱ्यावर अपमानापेक्षा आश्चर्य जास्त होतं. पुलांच्या बाबतीत हे कधी झालं नव्हतं. नेमके त्याच वेळी सेक्रेटरी अर्जाची दुसरी प्रत कुठे आहे ते विचारायला आले. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं.

‘‘कीड निघाली का?’’ त्यांनी विचारलं.

इंजिनिअरांना बाहेर काढायला तिघं लागले. ते गेले तेव्हा त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. दप्तरदार मात्र त्या भोकाकडे पाहत बसले. भोकातून फरशी दिसत होती.

आता एकच मार्ग उरला होता आणि तो गुन्ह्याच्या हद्दीत होता. तशीच दुसरी खुर्ची आणून ठेवायची. दप्तरदार मान खाली घालून फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना सात खुर्च्या दाखवल्या.

‘‘हा वेत धुवा, उन्हात ठेवा, पावसात ठेवा, काही होत नाही साहेब.’’

‘‘मग तो वेत नाही,’’ दप्तरदार म्हणाले. हे आपल्याला कधीपासून कळू लागलं याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी खुर्ची उलटी केली, पट्टीवर नख ओढून पाहिलं, जोड कुठे आहेत ते पाहिलं. खऱ्या वेताला मधून मधून पेरं असतात, दोन काड्या एकसारख्या कधी नसतात. इथे सगळ्या पट्ट्या एका मापाच्या, एका रंगाच्या होत्या आणि वास पादत्राणांच्या खोक्यासारखा येत होता. एक खुर्ची खरी निघाली, पण तिचे हात सरळ होते. आक्का डोळे मिटूनसुद्धा ओळखतील. खुर्ची उलटी करून बघणारं गिऱ्हाईक पाहून विक्रेता जरा नरमला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘विणून घ्यायची असेल तर मास्तरांकडे जा.’’

मास्तरांना दिसत नव्हतं. अंधांच्या कार्यशाळेत त्यांनी चाळीस वर्षं वेतकाम शिकवलं होतं आणि आता ते घरोघरी जाऊन खुर्च्या विणत. ही माहिती ऐकून दप्तरदारांना, खोटं का बोला, थोडं बरं वाटलं. निदान या माणसाला काय झालंय ते दिसणार नाही.

‘‘जरा जुनी झालीय,’’ मास्तर घरी आले तेव्हा ते म्हणाले.

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली, खाली बसकण मारली आणि खुर्चीवरून बोटं फिरवली. ‘‘डांबराच्या गोळ्या,’’ ते म्हणाले. ‘‘प्लॅस्टिकमध्ये कोंडली होती. वेताला हवा लागते, साहेब. मग उन्हात टाकली. आणि मग कोणीतरी दणकट माणूस मागेपुढे न बघता बसला.’’

‘‘हे सगळं बोटांना कळतं?’’

‘‘बसलेल्याचं तुमच्या आवाजावरून कळलं. बाकीचं बोटांना.’’

दप्तरदारांनी मग काही लपवलं नाही. नोंदवहीतली पुडी काढून त्यांच्या हातात दिली. ‘‘यामुळे सुरुवात झाली. कीड.’’

मास्तरांनी भुकटी हुंगली, आणि कोणी अडवायच्या आत जिभेवर ठेवली. ‘‘टोस्ट,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘टोस्टचा चुरा. विणीत आणि जोडात साठतो. खुर्ची हलवली की पडतो. वेत तुमचा निरोगी होता.’’

दाजी रोज सकाळी या खुर्चीत बसून पेपर वाचत टोस्ट खायचे. हे दप्तरदारांना माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. त्यांनी भिंतीवर डोकं टेकलं. बायको आत निघून गेली आणि बराच वेळ तिकडून हसण्याचा आवाज येत राहिला.

मास्तर आठ दिवस येत होते. वेताची साल पाण्यात भिजवायची, मऊ झाली की ताणून ओवायची, सुकताना ती आपोआप घट्ट होते. घाई केली तर पुढे सैल पडते. दप्तरदार शेजारी बसून भिजलेली साल हातात देत. बुरशीचे राहिलेले डाग त्यांनी पिळलेल्या फडक्याने पुसले, उन्हाने रुसलेल्या काड्यांना जवसाचं तेल बोटाने लावलं. आणि चौथ्या दिवशी आक्कांचा निरोप आला. बाळ-बाळंतीण सुखरूप, मी लवकर निघतेय, गुरुवारी चारला तुझ्याकडे.

‘‘मास्तर, होईल ना? जशीच्या तशी?’’

‘‘वीण होईल,’’ मास्तर म्हणाले. ‘‘खोलगा होणार नाही.’’

‘‘कसला खोलगा?’’

‘‘कडेला जुन्या विणीचा जो तुकडा राहिला होता ना, तो डावीकडे दबला होता. माणूस तीस वर्षं डावीकडे कलून बसायचा. तिकडे कोणीतरी असणार. तो खोलगा मला विणता येत नाही. तो बसणाऱ्याने पाडायचा असतो.’’

इतके दिवस दप्तरदार आक्कांच्या रागाला भीत होते. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांना वेगळी भीती वाटली. दाजींची मागे राहिलेली शेवटची खूण आपण पुसून टाकली होती, आणि ती कोणत्याही कार्यशाळेत परत मिळणार नव्हती. ते जेवले नाहीत.

गुरुवारी चारला आक्का आल्या. पाणी प्यायल्या, खुर्चीपाशी गेल्या आणि बैठकीवर पंजा ठेवला.

‘‘वीण नवी आहे.’’

‘‘हो.’’

‘‘जुनी कोणी फाडली?’’

दप्तरदारांनी चार दिवस एक निवेदन पाठ केलं होतं आणि त्यात इंजिनिअरांचं वजन प्रमुख होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, ‘‘मी.’’ आणि त्यांनी नोंदवही आक्कांच्या हातात दिली.

आक्कांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. भुकटी, संमतीपत्र, डांबरगोळ्या, फोटो, गच्ची, भोक. एका पानावर त्यांनी शुद्धलेखनाची चूक दाखवली. शेवटी चष्मा काढला.

‘‘मला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यातच फोन येईल,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कसला?’’

‘‘आक्का, खुर्ची मोडली, असा. दर वेळी फोन करताना वाटायचं, आज सांगशील. तू आपला फोटो दाखवतोस.’’

‘‘म्हणजे तुला ती मोडायला हवी होती?’’

‘‘माझ्या हाताने होत नव्हतं रे ते. रोज पुसायचे आणि खोलगा तसाच. त्यात बसवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. म्हटलं, बाळ्याकडे देऊ. त्याच्या हातात दिलेली वस्तू आजवर टिकलेली नाही.’’

‘‘आणि ते अकरा नियम?’’

‘‘तू घाबरावास म्हणून. घाबरलास की तुझ्याकडून हमखास मोडतं. आणि मोडलीस रे, बरोबर मोडलीस. पण दुरुस्त कशाला केलीस? जन्मात एकदा मोडून सोडून द्यायची होती, तर तीच नेमकी दुरुस्त केलीस!’’

आक्का पुन्हा खुर्चीकडे वळल्या. घट्ट, सपाट विणीवरून त्यांनी हात फिरवला, डावीकडे दोनदा फिरवला. मग पदर सावरून त्या हळूच बसल्या. दप्तरदारांनी डोळे गच्च मिटले. खुर्ची कुरकुरली आणि गप्प झाली.

‘‘तीस वर्षांत मी हिच्यात बसले नव्हते,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘त्यांची होती ना. मी इकडे, डावीकडे, स्टुलावर बसायचे. ते अर्धा पेपर मला वाचून दाखवायचे.’’

आणि आक्का रडू लागल्या. आवाज न करता, ताठ बसून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. दप्तरदारांनी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. दाजी गेले तेव्हाही नाही. भुकटी, बुरशी, भोक, या सगळ्या प्रकरणात ते सर्वांत जास्त घाबरले ते आता. काय करावं ते कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, आक्कांच्या डावीकडे ठेवलं आणि त्यावर बसले. टेबलावरचा पेपर त्यांनी घेतला आणि गुडघ्यांवर उघडला.

आक्कांनी डोळे पुसले. ‘‘खुर्ची इथेच राहू दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी येत जाईन बसायला.’’

मग त्यांनी दप्तरदारांकडे वळून पाहिलं.

‘‘पोक काढू नकोस. ताठ बस, आणि वाच मोठ्याने.’’

दप्तरदार ताठ बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले.